मदत हवी आहे: कारखान्यातच पालकत्वाचे वर्ग घ्यायचे आहेत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीत सत्तरेक कामगार आहेत. निम्मे मराठी, निम्मे कन्नड बोलणारे. खानापूर, चंदगडकडून ये-जा करणारेही बरेच. मुलांचा मोबाईल, दहावीचं टेन्शन, हात न उगारता शिस्त कशी लावायची, हे विषय त्यांनीच काढले. महिन्यातून एक तास, पगार न कापता, द्यायला मालक तयार आहेत.

रविवारी ठेवून पाहिलं, कोणी फिरकलं नाही. सुट्टीला शेताची कामं असतात, त्यांचंही बरोबरच. मग एका समुपदेशकांना बोलावलं, तर स्लाइड सगळ्या इंग्रजीत! अंगणवाडी ताईंना विचारलं. पण त्यांचं काम सहा वर्षांखालच्या मुलांचं, आमच्याकडची पोरं हायस्कूलातली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर बोर्डावर लावलाय, तो वर्गाला पर्याय नव्हे. ऑनलाइन सुचवू नका. पहिली शिफ्ट सुटताना कँटीन मोकळं असतं, तेवढीच जागा आणि वेळ.

बेळगाव परिसरात मराठी-कन्नड दोन्ही सफाईने बोलणारं, भाषण न ठोकता लोकांना बोलतं करणारं कोणी माहीत आहे का? मानधन साधारण किती घेतात? आणि ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, दोन्ही भाषांचा वर्ग एकत्र चालतो की वेगळा ठेवावा लागतो?