‘अर्बुदांचे वितरण’ की ‘गाठींचा आढळ’?

पंचगंगाकाठ: कोल्हापुरातल्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. शीर्षक आलंय ‘विविध लोकसंख्यांमधील लालाग्रंथी अर्बुदांचे प्रकार व वितरण’. म्हणजे लाळेच्या ग्रंथींत होणाऱ्या गाठी (ट्यूमर). ‘वितरण’ खटकतं. वितरण रेशनच्या धान्याचं होतं, वाटणारा कुणीतरी असतो. पर्याय सुचवा.

शमी: ‘आढळ’ घ्या, पक्ष्यांचा घेतो तसा. ‘लोकसंख्या’ हा आकडा झाला, इथं ‘लोकसमूह’ हवं. पण मजकुरात दोन गोष्टी आहेत. कुठल्या ग्रंथीत किती, ही विभागणी: दहातल्या सात-आठ गाठी कानापुढच्या ग्रंथीत, त्यातल्या बहुतेक साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या. जबड्याखालच्या ग्रंथीत जवळपास निम्म्या मारक, म्हणजे कर्करोगाच्या. जिभेखाली क्वचितच होतात, झाल्या तर बहुतांश मारक. कुठल्या लोकांत काय, हा आढळ: उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांत आणि दक्षिण चीनमध्ये एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित लिंफोएपिथेलियल नावाचा लाळग्रंथीचा कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी जास्त. वॉर्थिनची गाठ (कानापुढच्या ग्रंथीतली एक साधी गाठ) मात्र सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त, मग ते कुठलेही असोत.

करवीरी: ‘लालाग्रंथी’ कशाला? तोंडात येते ती लाळ. आणि ‘अर्बुद’ म्हणजे दहा कोटी, अबूचा डोंगरसुद्धा अर्बुदाचल. सरळ ‘कानाखालची गाठ’ म्हणा की!

शमी: लाळ मान्य. पण नुसत्या ‘गाठी’नं भागत नाही. अवधाण जखमेमुळं येतं, दुखतं, जखम भरली की बसतं. आवाळू चरबीचं. गालगुंड तापासोबत येतं आणि आठवड्या-दहा दिवसांत उतरतं. लाळग्रंथीचं अर्बुद बहुधा दुखत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतं. ते एकाएकी वाढलं किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालं, तर मारक असल्याची शंका घ्यायचीच. हे सगळं ‘गाठ’ म्हणून एकाच पिशवीत घातलं तर रुग्ण शेक देत घरी बसेल.

करवीरी: मग ‘लाळग्रंथीची गाठ’. त्यात काय चुकलं?

शमी: अर्थानं काही नाही. गंमत व्युत्पत्तीची आहे. ‘गाठ’ ही ‘ग्रंथी’चीच लेक. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची (मानेभोवती उठणाऱ्या अनेक गाठी), अर्बुद, गलगंड एकाच अध्यायात येतात, आणि तिथं ‘ग्रंथी’ हाच गाठीचा आजार आहे. लाळ किंवा घाम पाझरणारा अवयव हा अर्थ नंतरचा.

पंचगंगाकाठ: ‘गाठ सोलून काढतात’ असंही एक वाक्य आहे.

शमी: ते आधी बदला! सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या मिश्र अर्बुदाचं आवरण अपुरं असतं, त्यातून बारीक फुगवटे बाहेर आलेले असतात. सोललं की पेशी मागं राहतात आणि काही वर्षांनी त्याच जागी अनेक बारक्या गाठी उठतात. ‘चेहऱ्याची नस जपून, भोवतालच्या ग्रंथीसकट काढतात’ असं लिहा.

करवीरी: गलगंडावरून आठवलं, ‘गालगुंड’ त्यातूनच आलं असणार.

शमी: पटत नाही. गलगंड गळ्याचं, गालगुंड गालाचं. पहिला भाग ‘गाल’च.

करवीरी: आणि ‘गुंड’ कुठला मग? गंडाचाच की!