दोन कंपन्यांचे राउटर आणि १०० जी (सेकंदाला १०० गिगाबिट) लिंक : प्रकाश पोहोचतो, तरी पोर्ट अप होत नाही

जुवारीपार (पणजी)

नमस्कार. आमच्या संस्थेचे मुख्य कार्यालय पणजीत आणि दुसरे वेर्णा औद्योगिक वसाहतीत असून, त्यांना जोडणारी भाड्याची डार्क फायबरची (नुसती तार, उपकरणे आपली) जोडी आगशीवरून जुवारी ओलांडून जाते; लांबी सुमारे २५ किलोमीटर. पणजीतला राउटर जुना, एका कंपनीचा. वेर्ण्याला नव्या निविदेत दुसऱ्या कंपनीचा आला. दोन्हीकडे ४० किलोमीटरची ईआर४-लाइट मॉड्यूल (राउटरच्या पोर्टमध्ये बसणारे, प्रकाश पाठवणारे-घेणारे भाग) आहेत, मात्र उत्पादक वेगळे. चारही लेनवर (मॉड्यूलच्या समांतर प्रकाशवाहिन्यांवर) उणे १० डीबीएमच्या (प्रकाशाची शक्ती मोजायचे एकक) आसपास प्रकाश मिळतो, मॉड्यूलचा कुठलाही अलार्म नाही, तरीही पोर्ट डाऊनच राहतो. दोन्ही पुरवठादार आपापली बाजू निर्दोष असल्याचे लेखी देऊन मोकळे झाले आहेत. तपास कुठून सुरू करावा?

प्रकाशवाट (मडगाव)

दोन्ही राउटरवर त्या पोर्टची एफईसीची, म्हणजे फॉरवर्ड एरर करेक्शनची, प्रत्यक्षात लागू असलेली स्थिती आधी पाहा. कॉन्फिगरेशनमध्ये काय लिहिले आहे ते नव्हे, चालू स्थिती पाहा. माझा अंदाज असा की एका बाजूला आरएस-एफईसी (एफईसीचा रीड-सोलोमन प्रकार) चालू आहे आणि दुसरीकडे बंद.

अशा वेळी अलार्म का येत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. १०० जी इथरनेटमध्ये माहिती ६६ बिटांच्या ब्लॉकमध्ये जाते. असे ८० ब्लॉक म्हणजे ५२८० बिट. आरएस-एफईसी चालू केल्यावर हेच ८० ब्लॉक आवळून ५१४० बिटांत बसवले जातात आणि उरलेल्या १४० बिटांच्या जागेत चुका दुरुस्त करणारी पॅरिटी भरली जाते. बेरीज पुन्हा ५२८०. त्यामुळे लेनचा वेग दोन्ही स्थितींत २५.७८१२५ गिगाबॉडच राहतो, मॉड्यूलचे क्लॉक लॉक होते आणि प्रकाशाच्या दृष्टीने सारे सुरळीत दिसते. पलीकडच्या पोर्टला मात्र त्या बिटांची मांडणीच ओळखता येत नाही.

दोन्हीकडे 'ऑटो' असेल, तर ते काढून टाका. ऑटो म्हणजे दोन टोकांनी आपसांत ठरवणे, असा समज आहे. ऑप्टिकल लिंकवर तसे काही घडत नाही. प्रत्येक राउटर आपापल्या मॉड्यूलच्या मेमरीतला प्रकार-कोड वाचतो आणि त्यावरून एकट्यानेच निर्णय घेतो. २०१० च्या आयईईई ८०२.३बीए मधल्या मूळ ईआर४ ला एफईसी नाही, कारण १०० जी साठी आरएस-एफईसी २०१४ च्या ८०२.३बीजे मध्ये आली. एका उत्पादकाने आपल्या लाइट मॉड्यूलमध्ये साध्या ईआर४ चा कोड भरला असेल, तर तो राउटर एफईसी बंदच ठेवणार. ४० किलोमीटरचा दावा मात्र एफईसी गृहीत धरूनच केलेला असतो, म्हणून दोन्हीकडे ती हाताने चालू करा.

आणखी एक महत्त्वाची सूचना : ही मॉड्यूल टेबलावर समोरासमोर छोट्या पॅचकॉर्डने जोडून तपासू नका. त्यांचा रिसीव्हर एपीडी, म्हणजे फार संवेदनशील प्रकारचा, असतो आणि ॲटेन्युएटरशिवाय (प्रकाश कमी करणाऱ्या जोडणीशिवाय) तो कायमचा बिघडू शकतो.

जुवारीपार (पणजी)

अंदाज बरोबर निघाला. वेर्ण्याकडे एफईसी बंद होती, कारण तिथल्या मॉड्यूलचा कोड ईआर४ चाच आहे. दोन्हीकडे आरएस-एफईसी सक्तीने लावताच लिंक आली. मनापासून आभार. पुढे हीच जोडी ४०० जी वर न्यायची आहे; तेव्हाही वेगवेगळ्या कंपन्यांचीच उपकरणे असतील.

तांबडीमाती (फोंडा)

४०० जी साठी ओआयएफ या उद्योगसंघटनेचा ४००झेडआर हा २०२० चा करार नेमका याच हेतूने झाला आहे. मॉड्युलेशन, एफईसी, फ्रेमची रचना हे सारे त्यात एकाच प्रकारे बांधलेले असल्याने वेगवेगळ्या उत्पादकांची मॉड्यूल जुळतात. मात्र निविदेत नुसते 'झेडआर' लिहून भागत नाही. झेडआर सी-एफईसी वापरते आणि ओपनझेडआर-प्लस हा तिच्यासारखाच दुसरा प्रकार ओ-एफईसी; या एफईसीच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एका टोकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी चालू राहिली, तर आज झाले तेच पुन्हा होईल. कोणती पद्धत आणि लेसरची वारंवारता कोणती, ही दोन्ही नोंद निविदेतच असावी. ॲम्प्लिफायर नसेल तर ४००झेडआरला ११ डेसिबलचे नुकसान चालते. १५५० नॅनोमीटरला तुमच्या २५ किलोमीटरचे पाच-सहा डेसिबल धरले, तरी जोड आणि कनेक्टर यांना पुरेशी जागा उरते. क्यूएसएफपी-डीडी पोर्ट (असे ४०० जी मॉड्यूल बसते ती खाच) सुमारे १५ ते २० वॅट उष्णता झेलू शकतो का, हे राउटरच्या कंपनीकडून लेखी घ्या.

सध्याच्या लिंकवर दुरुस्त झालेल्या आणि न झालेल्या कोडवर्डचे (एफईसीच्या ५२८० बिटांच्या गठ्ठ्यांचे) आकडे दोन्ही टोकांवर आजच नोंदवून ठेवा. पावसाळ्यात जॉइंट क्लोजरमध्ये (फायबरचे सांधे झाकणाऱ्या पेटीत) पाणी शिरले की दुरुस्तीचा आकडा आधी चढतो आणि पोर्ट बराच नंतर पडतो. फायबर भाड्याने देणाऱ्याकडे तक्रार करताना तीच नोंद उपयोगी पडेल.