लेव्हल २ गाडीत शेजारी बसणाऱ्याची भीती: रास्त की उगीच?

घाटमाथा:
लेव्हल २ म्हणजे वेग आणि स्टिअरिंग गाडी सांभाळते, पण लक्ष चालकानेच ठेवायचं. एक्स्प्रेसवेवर अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या वाहनापासून अंतर राखत वेग आपोआप कमीजास्त करणारी सोय) लावला की शेजारी बसलेल्याचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबायला लागतो. त्याला भित्रा म्हणू नका. यंत्रणा चालू आहे की सुटली, ते चिन्ह चालकासमोरच्या मीटरवर. शेजाऱ्याला नुसतं 'टिंग' ऐकू येतं. शिवाय सराईत चालक पुढचे तीन ट्रक बघून आधीच पाय उचलतो. गाडी बहुतेकदा लगेचच्या पुढच्या वाहनावरच नजर ठेवते, म्हणून ब्रेक उशिरा आणि कचकन लागतो.

सहावा गिअर:
कचकन लागतो तो सेटिंगमुळे. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. पुढच्या वाहनापासूनचं अंतर दोन सेकंदांचं ठेवा, ५५ मीटर मिळतात, ब्रेक मऊ लागतो. लोक ठेवतात सगळ्यात कमी आणि शिव्या पुढचं अंतर मोजणाऱ्या रडारला.

घाटमाथा:
आपल्याकडे ५५ मीटर मोकळे दिसले की टेम्पो शिरलाच! गाडी पुन्हा अंतर राखायला वेग तोडते, मागून हॉर्न. चालक वैतागतो आणि अंतर परत कमी करतो.

पांढरी पट्टी:
टेम्पो निदान हलता असतो. भीती बाळगायची तर उभ्या ट्रकची बाळगा. जास्त वेगात रडार स्थिर वस्तूंकडून येणारे बरेच संकेत गाळतं, कारण कमानी, फलक, कठडे सगळे स्थिरच. नाहीतर गाडी दर फलकाला ब्रेक मारेल. मग भिस्त कॅमेऱ्यावर. रात्री टेललॅम्प बंद आणि रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असेल, तर कॅमेऱ्यालाही तो उशिरा दिसतो.

सहावा गिअर:
म्हणूनच तर लेव्हल २ मध्ये जबाबदारी चालकाची. हात सोडले की थोड्या वेळात गाडी ओरडते.

घाटमाथा:
बऱ्याच गाड्या हात ओळखत नाहीत, स्टिअरिंगवरचा पीळ मोजतात. बाटली अडकवूनही फसतात. रस्त्यावरचे लेनचे पट्टे पुसलेले असले किंवा पाऊस झोडपत असला की लेन असिस्ट (गाडीला लेनमध्ये ठेवणारी सोय) गुपचूप सोडून देतो. तेव्हा 'आता गाडी धरतेय', 'आता मी धरतोय' एवढं तोंडाने सांगा. शेजारी निम्मा शांत होतो.

सहावा गिअर:
सांगू की! पण मागे बसलेल्यांना सीटचा पट्टा लावायलाही सांगा. आपोआप ब्रेक पूर्ण जोराने लागला, तर बिनपट्ट्याचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो.