मदत हवी आहे: जीएक्स ३३९-४ चं वस्तुमान, आलेख जुळत नाहीये

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी जीएक्स ३३९-४ या कृष्णविवराचं वस्तुमान काढतेय. डेटा २०२१ च्या उद्रेकाचा (एक्स-किरण एकदम प्रखर झाले तेव्हाचा), अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या एक्स-किरण उपकरणाचा. उद्रेक चढताना क्यूपीओची (एक्स-किरणांच्या तेजातल्या जवळपास नियमित चढउतारांची) वारंवारता वाढते, सोबत फोटॉन इंडेक्सही (स्पेक्ट्रमचा उतार) वाढतो आणि शेवटी सपाट होतो. हा आलेख जीआरओ जे१६५५-४० या दुसऱ्या कृष्णविवराच्या आलेखावर सरकवून बसवायचा. त्याचं वस्तुमान जोडीदार ताऱ्याच्या गतीवरून ठाऊक आहे, सूर्याच्या साधारण ६ पट. वारंवारता वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे सरकवण्यावरून गुणोत्तर मिळतं.

घोडं अडलंय ते सपाट भागाशी. दोघांची पातळी जुळतच नाही, आणि मॉडेलमध्ये कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या तबकडीवरून होणारं एक्स-किरणांचं परावर्तन धरलं की माझा इंडेक्स पुन्हा बदलतो. अशा वेळी संदर्भासाठी दुसरा स्रोत निवडावा, की दोन्हींचे स्पेक्ट्रम एकाच मॉडेलने नव्याने बसवावेत? कोणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.