यूव्ही फ्लॅटबेडवर व्हार्निशचा उठाव येतो, पण चकाकी का येत नाही?

प्रश्न (कुपवाड, सांगली)

नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत माझा छोटा छपाई व्यवसाय आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्यांच्या भेटखोक्यांचे काम सध्या हाती आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते खोक्यावर नुसते लिहून न थांबता हळकुंड बोटांना जाणवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मलाही मनापासून पटला आहे.

पुठ्ठ्यावर ऑफसेटची रंगीत छपाई आणि मॅट लॅमिनेशन आधीच झालेले आहे. त्यावर मी यूव्ही फ्लॅटबेडवर (सपाट टेबलावर ठेवलेल्या वस्तूवर शाईचे थेंब सोडून ते अतिनील दिव्याने लगेच कडक करणारे छपाईयंत्र) पारदर्शक व्हार्निशचे आठ थर दिले. उंची मिळाली, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आला आणि त्यावर एक पट्टा चकचकीत, एक मंद असे पट्टे दिसतात. दिव्याची तीव्रता कमी करून पाहिली, तर वरचा थर चिकट राहिला. शिवाय घडीजवळ व्हार्निशचा पापुद्रा सुटला. नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर (मिरज)

उंची आणि चकाकी ही दोन कामे आपण एकाच पद्धतीने करू पाहत आहात, हे मुख्य कारण असावे. यूव्ही शाईत उडून जाणारे द्रावक जवळजवळ नसते, म्हणून थेंब पडतो तेवढाच जाडीने टिकतो आणि उठाव मिळतो. मात्र दिवा हेडला, म्हणजे थेंब सोडणाऱ्या भागाला, लागूनच असल्यामुळे थेंब शेजारच्या थेंबात मिसळण्याआधीच कडक होतो. त्याची बारीक टेकडी तशीच राहते, पुढचा थेंब त्या टेकड्यांवर पडतो आणि आठव्या थरापर्यंत तो खडबडीतपणा वाढत जातो.

उंचीचे थर दिवा चालू ठेवूनच द्यावेत. तिथे थेंब पसरू नये हेच आपल्याला हवे असते. शेवटचा थर मात्र दिवा बंद ठेवून पूर्ण छापावा, मिनिटभर तसाच राहू द्यावा आणि मग शाई न सोडता केवळ दिव्याची फेरी द्यावी. तेवढ्या वेळात व्हार्निश पसरून काचेसारखे सपाट होते. त्या मिनिटात खिडकीतले ऊन त्यावर पडू देऊ नये, कारण उन्हातही अतिनील किरण असतात, आणि धूळही बसू देऊ नये. व्हार्निश कडेबाहेर ओघळू नये म्हणून या थराचा मास्क (व्हार्निश कुठे पडावे हे ठरवणारा आकार) चित्राच्या कडेपासून किंचित आत घ्यावा.

पट्टे दुहेरी दिशेच्या छपाईमुळे येतात. जाताना आणि येताना थेंब पडल्यापासून दिवा पोहोचेपर्यंतचा वेळ सारखा नसतो, त्यामुळे एक पट्टा अधिक पसरतो, दुसरा कमी. व्हार्निशसाठी एकाच दिशेने छापावे. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, पण दुसरा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

आणखी एक सुचवतो. आठही थरांना एकच मास्क दिला, तर हळकुंड चपट्या चकतीसारखे दिसते. खालचा थर पूर्ण आकाराचा ठेवून वरचा प्रत्येक थर थोडा लहान करत गेल्यास त्याला गोलाई येते. हळकुंडावरच्या आडव्या वळ्या वरच्या दोन-तीन थरांतून वगळल्या, तर त्या बोटाला खरोखर लागतात. उंची वाढत जाईल तसे हेडचे अंतर वाढवायला विसरू नये. कडक व्हार्निशला हेड घासले, तर ते कायमचे निकामी होऊ शकते.

उत्तर (सातारा)

चिकटपणाविषयी लिहितो. हवेतील ऑक्सिजन वरच्या पातळ थराचे कडक होणे रोखतो, म्हणून दिवा मंद केल्यावर आतला भाग घट्ट होऊनही वरचा ओलसर राहतो. तीव्रता पूर्ववत करून शेवटी दिव्याची एक सावकाश फेरी द्यावी. फार फेऱ्या देऊ नयेत, कारण व्हार्निश पिवळसर पडते. हळदीवर ते लपेल, पांढऱ्या भागावर लपणार नाही. चिकट व्हार्निशला उघड्या हाताने स्पर्श करू नये, त्यातील अपक्व रसायनांनी त्वचेला ॲलर्जी होते.

पापुद्रा सुटण्याचे कारण मात्र बहुधा लॅमिनेशनची फिल्म आहे. कोरोना प्रक्रिया (विजेच्या विसर्गाने पृष्ठभाग शाई धरेल असा करणे) न झालेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकवर शाई धरत नाही. डाईन पेनने (पृष्ठभाग शाई धरेल का, हे आकड्यात दाखवणारे चाचणीचे पेन) तपासून 38 किंवा त्याहून अधिक आकडा मिळाला, तरच काम सुरू करावे; स्पॉट यूव्हीसाठी, म्हणजे ठरावीक जागीच यूव्ही व्हार्निश देण्यासाठी, वेगळी फिल्म मिळते, ती मागवावी. घडीच्या रेषेवर मात्र चांगली फिल्मही उपयोगी पडणार नाही. कडक होताना व्हार्निश आकसते आणि त्याचा जाड थर वाकत नाही, म्हणून घडीपासून काही मिलिमीटर जागा मोकळीच सोडावी.

प्रश्नकर्ते

आपणा दोघांचेही मनापासून आभार. उरलेल्या पुठ्ठ्यावर सहा थर दिवा चालू ठेवून आणि सातवा थर दिवा बंद ठेवून घेतला. पट्टे गेले आणि हळकुंड ओले असल्यासारखे चमकू लागले. फिल्मवर 38 चे डाईन पेन फिरवले, तेव्हा रेघ लगेच आकसून तिचे थेंब झाले, म्हणजे दोष तिथेच होता. नवी फिल्म मागवली आहे आणि घडीजवळचे हळकुंड व्यापाऱ्यांच्या संमतीने 4 मिलिमीटर आत घेतले आहे.