ड्युनेडिनचे संगीत नांदेडच्या मित्रांना कसे ऐकवावे?

प्रश्न (नांदेड, सध्या ड्युनेडिन): शिक्षणासाठी न्यूझीलंडला आल्यापासून येथील स्वतंत्र बँडनी मला अक्षरशः झपाटले आहे. १९८१ साली क्राइस्टचर्चमध्ये सुरू झालेल्या ‘फ्लाइंग नन’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीने ‘द क्लीन’, ‘द चिल्स’ यांसारखे ड्युनेडिनचे बँड, अनेकदा चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर ध्वनिमुद्रण करून, जगापुढे आणले. मित्रांना हे कसे पोहोचवू?

उत्तर (परभणी): एकदम पन्नास गाणी पाठवू नका, एकच पाठवा आणि ते कुठे ऐकले, तेही लिहा. तिथल्या गिटारची एकसारखी घुमणारी तार ऐकून माझ्या वडिलांना गोंधळातले तुणतुणे आठवले होते.

उत्तर (लातूर): आवडल्यास बँडकॅम्प या कलाकारांचे संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून विकत घ्यावे, कारण डिजिटल विक्रीतून ते साधारण १५ टक्केच कापून घेतात.

प्रश्नकर्ता: तुणतुण्याचा धागा फार मोलाचा आहे, काका. आज रात्री एकच गाणे पाठवतो.