रवीश कुमारांनी टीव्ही सोडला, बरोबर केलं का?

पारावरचा_वाचक:
30 नोव्हेंबर 2022 ला हिंदी टीव्ही पत्रकार रवीश कुमारांनी एनडीटीव्ही सोडलं, चॅनल अदानींच्या ताब्यात जात होतं तेव्हा. माझ्या मते बरोबर केलं. बिहारमधल्या मोतिहारीकडचा माणूस, 1996 ला एनडीटीव्हीत लागला तो प्रेक्षकांची पत्रं चाळायच्या कामावर, मग रिपोर्टर, मग प्राईम टाईम हा शो, 2019 ला मॅगसेसे पुरस्कार. लोकांना त्यांची भाषणं आठवतात, मला ती नोकरी सिरीज आठवते, एसएससी (दहावीची नाही, केंद्राच्या नोकरभरतीची) आणि रेल्वेच्या परीक्षा दिलेली पोरं, कुणाचा निकाल अडकलाय, कुणाची जॉइनिंग नाही, आणि हे एक दिवस नाही तर रोज रोज. एमपीएससी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. असला विषय नव्या मालकाच्या चॅनलवर इतके दिवस चालला असता असं मला तरी वाटत नाही.

घाटावरचा:
सिरीज चांगली होती, मान्य. पण नंतर नंतर रोज तेच, दहा मिनिटं प्रस्तावना आणि निष्कर्ष आधीच ठरलेला. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठातल्या घोषणांच्या प्रकरणात 19 फेब्रुवारी 2016 ला स्क्रीन काळी करून बाकी अँकर्सचा आरडाओरडा ऐकवला, त्याचं फार कौतुक झालं. मला नाही पटलं, त्या वेळात कोर्टात आणि कॅम्पसवर काय चाललंय ते दाखवता आलं असतं ना.

माजी_स्ट्रिंगर:
दादा, तो आरडाओरडा का चालतो ते बघा. मी जिल्ह्यात स्ट्रिंगर होतो, स्टोरी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल पण आपलंच. गावात कॅमेरा पाठवायला खर्च येतो, स्टुडिओत चार पाहुणे भांडवायला जवळपास काहीच नाही. म्हणून तो काळा पडदा मला महत्त्वाचा वाटला, आतल्याच माणसाने आतलं सांगितलं. पण सोडलं म्हणून एवढं कौतुक नको, नाव असलेल्याला सोडता येतं, डेस्कवर बारा तास बसणाऱ्या, घराचा हप्ता भरणाऱ्या पोरीने कुठे जायचं?

रानवारा:
माझा विरोध वेगळाच आहे. माझे वडील गावी फ्री डिशवर जे लागेल ते बघतात, रवीश आता यूट्यूबवर आहेत, तिथे शोधून ते बघणार नाहीत. तिथे रवीशना तेच बघणार ज्यांना आधीच पटलेलं आहे. टीव्हीवर निदान चुकून तरी दिसायचे.

पारावरचा_वाचक:
रानवारा, चुकून दिसायला आधी तिथे बोलू द्यायला पाहिजे ना! आणि यूट्यूबवर लाखो लोक बघतात, ते सगळे एका मताचे नसतात हो.

घाटावरचा:
मग पत्रकार पी. साईनाथांशी तुलना करा. त्यांना 2007 ला मॅगसेसे मिळालं, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर ते गावोगाव फिरून लिहीत राहिले, नंतर पारी ही ग्रामीण भारतावरची वेबसाइट काढली, त्यात आज कितीतरी वेगवेगळे लोक खेड्यातून लिहितात. रवीशच्या चॅनलवर मला बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोर एकटे रवीशच दिसतात. एवढे बघणारे आहेत तर जिल्ह्याजिल्ह्यात पगारी रिपोर्टर ठेवा, वरच्या स्ट्रिंगरसारखे. तसं झालं तर मी पहिल्या दिवशी पैसे भरतो.